एसेनच्या श्पीलचं बजेट: बॅग आधी मोजा, खेळ नंतर

श्पील म्हणजे जर्मनीतल्या एसेन शहरात दर ऑक्टोबरात भरणारं बोर्ड गेम्सचं मोठं प्रदर्शन. तिथे जायचं ठरलं की बहुतेकांच्या वहीत तीन ओळी पडतात: विमान, हॉटेल, खेळ. खाली बेरीज. हा हिशेब हमखास कोलमडतो, कारण पैसे एका दिवशी जात नाहीत. मे-जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत ते टप्प्याटप्प्याने जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर काही पैसे परत मिळण्यासारखे असतात, काही कायमचे गेलेले. म्हणून बजेट खर्चाच्या नावाने मांडण्यापेक्षा तारखेने मांडावं आणि प्रत्येक रकमेपुढे 'परत मिळेल' किंवा 'गेली' असं लिहावं. खाली हिशेबापुरता १ युरो = १०० रुपये धरलाय. सहा महिन्यांत दर हलतोच, तेव्हा युरोतल्या एकूण रकमेवर पाच टक्के वर ठेवा.

पहिला टप्पा व्हिसाचा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. त्यावर व्हीएफएसचं (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) सेवाशुल्क, फोटो, आणि किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा. फी आणि सेवाशुल्क 'गेली'च्या खात्यात, व्हिसा मिळो न मिळो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या केंद्रांत अपॉइंटमेंटची मारामार असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रवासासाठी जुलैच्या आत बोटांचे ठसे देऊन मोकळं झालेलं बरं. नकार आला तर पूर्वी वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करता यायचा. जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज आणि नवी फी, नाहीतर थेट कोर्ट.

म्हणून क्रम असा: आधी फुकट रद्द होणारं हॉटेल, मग विम्याची आणि विमानाच्या आरक्षणाची कागदपत्रं, मग व्हिसा, आणि परतावा न मिळणारी कुठलीही गोष्ट त्यानंतर. विमान दोन-चार हजारांनी महाग पडलं तरी चालेल. व्हिसाआधी घेतलेलं स्वस्त तिकीट वाया गेलं तर ते सगळ्यात महाग ठरतं.

हॉटेलच्या बाबतीत एसेनचा हट्ट सोडा. श्पील गुरुवार ते रविवार चालतं, २०२४ मध्ये तिथे दोन लाखांवर लोक आले होते, आणि त्या आठवड्यात शहरातले दर बघून डोकं फिरतं. ड्युइसबुर्ग, म्युल्हाइम, बोखुम ही गावं रेल्वेने पाव तासाच्या आसपास आहेत. ड्युसेलडॉर्फ अर्ध्या तासावर. हॉटेल निवडताना प्रदर्शनापासूनचं अंतर बघू नका, मुख्य रेल्वे स्टेशनपासूनचं चालत अंतर बघा. एसेन स्टेशनवरून यू-११ ही भुयारी ट्राम थेट मेसेच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या आवाराच्या, दारात सोडते. संध्याकाळी हातात वीस किलोंच्या पिशव्या असतात, तेव्हा ते शेवटचं अर्धा किलोमीटर फार लांब वाटतं.

प्रदर्शनाचं तिकीट ऑनलाइन, विक्री सुरू झाल्या झाल्या. २०२४ मध्ये सगळी तिकिटं आधीच संपली होती, दारात घेऊ म्हणणारे बाहेर राहिले. चारही दिवसांचं घ्यायचं का? खेळून बघायचं असेल तर हो. फक्त खरेदी असेल तर गुरुवार आणि शुक्रवार पुरतात.

स्थानिक प्रवासासाठी डॉइचलँड-टिकेट, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. लोकल, ट्राम, बस, प्रादेशिक गाड्या सगळं त्यात आलं. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची जलद गाडी, मात्र नाही. यात एक मेख आहे. हे तिकीट म्हणजे वर्गणी आहे, आणि साधारण नियम असा की महिनाअखेर थांबवायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. श्पील पडतं ऑक्टोबरात, बहुधा १० तारीख उलटल्यावर. निघायच्या आदल्या दिवशी तिकीट काढलंत तर नोव्हेंबरचेही ६३ युरो कापले जाऊ शकतात. १ ऑक्टोबरपासूनचं तिकीट सप्टेंबरातच घ्या आणि लगेच रद्द करण्याची सूचना देऊन ठेवा. महिना पूर्ण वापरता येतो.

फ्रँकफर्टला उतरणार असाल तर विमानतळाच्याच लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्टेशनवरून एसेनची आयसीई दोनेक तासांत पोचवते. तिचं स्वस्त 'श्पारप्राइस' तिकीट त्या ठरावीक गाडीलाच चालतं. विमान उशिरा आलं तर ते तिकीट फुकट गेलं, रेल्वे जबाबदार नाही. जाताना एकतर तीन तासांचं अंतर ठेवा, किंवा विमान कंपनीकडूनच रेल्वेचं जोडतिकीट घ्या, ते एका गाडीला बांधलेलं नसतं. परतताना श्पारप्राइस चालेल, फक्त गरजेपेक्षा दोन गाड्या आधीची पकडा. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाची ख्याती आता जुनी झाली.

आता खरा विषय, खेळ. 'खेळांसाठी अमुक हजार' असं ठरवणं निरर्थक आहे, कारण पैशाआधी बॅग संपते. नेहमीचा चौकोनी डबा ३० × ३० × ७ सेंटिमीटरचा, वजन दीड ते दोन किलो. मोठ्या सूटकेसची आतली जागा साधारण ७० × ४५ × २८ धरा. लांबीत दोन डबे बसतात, खोलीत चार थर. झाले आठ. रुंदीत १५ सेंटिमीटरची पट्टी उरते आणि नवखे लोक तिथे कपडे कोंबतात. तिथे २० × २० × ४.५ चे दोघांनी खेळायचे खेळ उभे लावा: रुंदीत तीन, लांबीत तीन, म्हणजे नऊ. आठ मोठ्यांचे सोळा किलो, रिकामी बॅग चार किलो, नऊ छोट्यांचे पाचेक किलो. पंचवीस झाले! मर्यादा तेवीसची. म्हणजे छोटे पाचच, आणि उरलेल्या पट्टीत मोजे. बाकीचे कपडे केबिन बॅगेत, तिचीही मर्यादा बऱ्याच कंपन्यांत सात-आठ किलो असते.

स्वस्तातल्या 'लाइट' भाड्यात चेक-इन बॅगच नसते, हे तिकीट काढतानाच बघा. दुसरी बॅग लागणार असेल तर घरूनच ऑनलाइन घ्या, काउंटरवर ती बरीच महाग पडते. तिचं भाडं भागिले आत मावणारे डबे, इतका अधिभार प्रत्येक खेळावर चढतो. समजा बॅगेला ८० युरो पडले आणि आत आठ डबे, तर ४५ युरोंचा खेळ ५५ ला पडला. त्या किमतीत तो भारतातल्या दुकानात येणार असेल तर तिथून ओढून आणण्यात हशील नाही. माझ्या मते आणावं ते इथे येण्याची शक्यता नसलेलं: छोट्या प्रकाशकांचे खेळ, प्रदर्शनातच मिळणारे प्रोमो (खेळात घालायचे जादा पत्ते वगैरे), जपानी-कोरियन स्टॉलवरचे मूठभर आकाराचे पत्त्यांचे खेळ. वजनाला हलके, किमतीला वीसेक युरो, आणि दुसऱ्या दिवशी संपलेले. यांच्यासाठी आगाऊ मागणी नोंदवून स्टॉलवर उचलायची सोय असेल तर ती वापराच. रविवारी स्वस्त होईल म्हणून थांबणाऱ्यांच्या हाती जर्मन आवृत्ती उरते, आणि पत्त्यांवर मजकूर असेल तर ती घरी कोणी खेळत नाही.

पैसे कसे द्यायचे? बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. ५०० युरोंच्या खरेदीवर दोन हजार रुपयांहून जास्त नुसते वर गेले. कमी मार्कअपचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड घ्या, आणि मशीनने 'रुपयांत की युरोत' विचारलं तर कायम युरो. छोट्या स्टॉलसाठी दीडशे-दोनशे युरो रोख हवेत. हॉलमध्ये गर्दीत नेटवर्क बसतं आणि कार्ड मशीन नुसतं फिरत राहतं. नोटा वीसच्या आणि दहाच्या.

परत येताना भारतीय कस्टम्स. फेब्रुवारी २०२६ पासूनच्या बॅगेज नियमांत रहिवाशांना विमानाने ७५,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्कमुक्त आहे, आधी ते ५०,००० होतं. त्यावरच्या रकमेवर आजवर ३८.५ टक्के ड्युटी लागत आली आहे. आठ मोठे, पाच छोटे म्हणजे साधारण ४६० युरो, ४६ हजार. आरामात बसतं. पण नवरा-बायकोची सवलत एकत्र करता येत नाही. एकाच्या बॅगेत लाखाचा माल आणि दुसऱ्याची रिकामी, असं चालत नाही. बिलं वेगवेगळ्या नावांनी आणि बॅगाही तशाच भरा.

जर्मनीतला १९ टक्के व्हॅट परत मिळू शकतो, पण एका बिलाची रक्कम ५० युरोंच्या वर हवी आणि विक्रेत्याने निर्यातीचा फॉर्म भरून द्यायला हवा. पुष्कळ स्टॉलवाले त्या भानगडीत पडत नाहीत, तेव्हा पैसे देण्याआधी विचारा. इथे बॅग भरण्याशी एक विरोध येतो. जागा वाचवायला लोक रात्री हॉटेलात पुठ्ठ्याच्या चकत्या सोडवतात, चौकटी आणि आतले ट्रे फेकतात, एका डब्यात दुसरा खेळ घालतात. ज्या मालाचा व्हॅट परत हवा, तो मात्र न वापरलेला असायला हवा. मोठ्या बिलांचे डबे सीलबंद ठेवा, चिरफाड बाकीच्यांची करा.

विमानतळावर चेक-इन काउंटरवर आधीच सांगा की बॅगेत कस्टम्सला दाखवायचा माल आहे. टॅग लावून बॅग तुमच्या हाती परत देतात. ती घेऊन कस्टम्सच्या खिडकीत शिक्का, तिथेच बॅग सोडायची, आणि मग पैसे परत देणारा काउंटर. सीलबंद डबे वरच्या थरात ठेवा, म्हणजे तिथे अख्खी बॅग उपसावी लागत नाही. रांगेसाठी नेहमीपेक्षा दीड तास जास्त धरा.