एकोणचाळीस मीटर रिकामे

एका विज्ञान संग्रहालयाच्या बोळाचं काम आमच्याकडे आलं होतं. दोन दालनं जोडणारा, बिनखिडक्यांचा, जेमतेम ४६ मीटर लांबीचा बोळ. विषय, पृथ्वीचा इतिहास. असे विषय ऐकताना भव्य वाटतात, पण करायला घेतले की सगळ्यांच्या हातून एकच गोष्ट घडते. भिंतभर कालपट्टी, मध्ये भलामोठा डायनोसॉर आणि शेवटी हातात दगड घेतलेला माणूस. आमचंही तेच झालं होतं. प्रेझेंटेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि स्क्रीनवर पॅनेलांची एक रांग होती, जिच्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं आणि थांबून पाहण्यासारखंही काही नव्हतं.

मी एक पॅनेल दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवत होतो. आमची चित्रकार मागे येऊन उभी राहिली. "मघाशी ते उजवीकडे सरकवलं होतंस," ती म्हणाली. "ऊठ. खाली चक्कर मारून येऊ."

आमच्या इमारतीच्या मागे फिरायला म्हणून काही नाही. गाड्या, जनरेटर, उंच कुंपण. पण त्याने बिघडत नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझ्झो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी केलेले चार प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण १७६ माणसं, त्यांत बहुतेक विद्यार्थी. बटणासारखी साधी वस्तू घ्यायची आणि तिचे जमतील तितके निराळे उपयोग सांगायचे. चालताना माणसांना बसल्या जागेपेक्षा सरासरी ६० टक्के जास्त सुचलं. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. उलट व्हीलचेअरमध्ये बसवून बाहेर फिरवून आणलेल्यांना, बाहेरची हवा आणि देखावा तोच असूनही, चालणाऱ्यांची बरोबरी साधली नाही. झाडं-पाखरं असली तर छानच, पण खरं काम पाय करतात.

माझ्या धंद्यापुरतं मी आणखी एक कारण जोडेन. चालताना लेआउट समोर नसतो. त्यामुळे तो सरकवता येत नाही.

पहिली फेरी संग्रहालयवाल्यांना नावं ठेवण्यात गेली. तेही लागतं. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "मी तिथे मोजमापं घेत होते तेव्हा एक शाळा आली होती. एकाही मुलाने भिंतीकडे पाहिलं नाही. या दारातून त्या दारात सगळी पळत सुटली."

मग आम्ही त्या पळणाऱ्या मुलांबद्दलच बोलत राहिलो. त्यांना थांबवायचं कसं? दिवे लावायचे? मध्ये अडथळे? जमिनीवर गालिचा, एकेका युगाला एकेक रंग? मी मोबाइलवर हे सगळं बोलून ठेवत होतो. आज ते ऐकलं तर बरंचसं हास्यास्पद वाटतं, मध्येच एक घसरगुंडीही आहे. आणि मग गाड्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ढांगा टाकत ती म्हणाली, "थांबवायचं कशाला? पळू दे की. आपण फक्त मीटरला वर्षं लावू."

मी तिथेच उभा राहून हिशेब केला. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. एका मीटरला दहा कोटी धरली, तर ४५ मीटर ४० सेंटिमीटर. बोळात बसून वर दाराच्या चौकटीपुरती जागा उरते! ही कल्पना जगात नवी होती असं मुळीच नाही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर २०१० पासून 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची पायवाट आहे, तिथे एका मीटरला दहा लाख वर्षं. पण आमच्या बोळाला ती अशी चपखल बसेल, हे टेबलाशी बसून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वर येऊन खुणा काढल्या. शेवटच्या दारापासून मागे मोजायचं. जीवसृष्टीचे जुने भक्कम पुरावे ३५ मीटरवर. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो २४ मीटरवर. प्राण्यांची मोठी गर्दी ५ मीटर ४० सेंटिमीटरवर. डायनोसॉर संपले, ती जागा दारापासून ६६ सेंटिमीटर. आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे तीन मिलिमीटर.

आता अडचण उघडी पडली. सुरुवातीचे एकोणचाळीस मीटर डोळ्यांत भरेल असा एकही प्राणी नाही. एवढ्या भिंतीचं करायचं काय?

मघाच्या यशाने आम्ही चढलो होतो, लगेच पुन्हा खाली गेलो. आणि पुन्हा सुचलंच. ज्वालामुखींचे आवाज, सूक्ष्मजीवांची मोठाली चित्रं, उल्कांचे खड्डे, स्पर्शाने कळणारे खडक. फेरीगणिक यादी वाढत होती आणि निर्णय लांब जात होता. स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात आणखी एक चाचणी होती, तिची आठवण मला तेव्हा झाली. तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींशी जुळणारा एकच शब्द शोधायचा. तिथे चालणारे बसलेल्यांपेक्षा किंचित मागेच पडले. चालण्याचे गोडवे गाणारे हा भाग सहसा गाळतात.

डार्विनच्या पॅनेलसाठी वाचलेलं एक तिला आठवलं. इंग्लंडमधल्या त्याच्या घरी, डाउन हाउसमध्ये, फिरण्याच्या वाटेवर तो वळणापाशी गारगोट्या रचून ठेवायचा आणि दर फेरीला एक उडवायचा, म्हणजे फेऱ्या मनात मोजायला नकोत. "आणि गारगोट्या संपल्या की घरी जायचा," ती म्हणाली. "चल वर."

वर आल्यावर फोन उलटे ठेवले, यादी छापून टेबलावर पसरली आणि एकेक ओळ खोडायला घेतली. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट नसली तर काय बिघडेल? हे काम कंटाळवाणं होतं आणि अंधार पडेपर्यंत चाललं. ज्वालामुखी गेले, उल्का गेल्या. सूक्ष्मजीवांची चित्रं तिनेच काढली असती, तरी तिनेच खोडली. उरल्या जमिनीवर पितळी खुणा आणि भिंतीवर मोजकी वाक्यं. एकोणचाळीस मीटर जवळजवळ रिकामे.

दुसऱ्या दिवशी क्युरेटर मॅडमनी आराखडा शांतपणे पाहिला आणि विचारलं, "रिकाम्या भिंतीचेही पैसे घेणार का तुम्ही?"

आम्ही पितळी पट्ट्यांऐवजी कागदी चिकटपट्ट्यांच्या खुणा करून आणल्या होत्या. बोळात त्या लावल्या आणि मॅडमना पहिल्या दाराशी उभं केलं. त्या चालत निघाल्या. पंधरा-वीस मीटर गेल्यावर वळून म्हणाल्या, "अजून काहीच नाही?" चित्रकार म्हणाली, "अजून काहीच नाही, मॅडम." शेवटच्या मीटरमध्ये त्या वाकल्या, चष्मा वर केला आणि तीन मिलिमीटरची पट्टी शोधू लागल्या.

मंजुरी मिळाली ती दोन अटींवर. त्या तीन मिलिमीटरवर भिंग बसवायचं आणि वाटेत कुठेतरी एक बाक द्यायचा, कारण म्हाताऱ्या माणसांना एवढं चालवत नाही. बाक आम्ही ऑक्सिजनच्या खुणेपाशी ठेवला.