अंगठ्यांवर चालणारा माउस

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आजारात स्नायू ठरावीक क्रमाने जातात. आधी कंबर आणि मांड्या, मग खांदे आणि दंड. बोटं सगळ्यांत शेवटी. आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टना हा क्रम कॉलेजातच पाठ होतो. पण तो प्रत्यक्षात किती उपयोगाला येतो, हे मला लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत उमगलं.

मुलगा वीस-एकवीसचा, बरीच वर्षं व्हीलचेअरवर. आई म्हणाली, "मॅडम, याला आता माउस हलवता येत नाही. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब दरवर्षी एक्सेलमध्ये हाच लिहायचा. यंदा नको म्हणतोय." मग जरा तक्रारीच्या सुरात, "गेम मात्र दिवसभर चालू असतो."

"खेळून दाखव बघू," मी त्याला म्हटलं.

क्रिकेटचा गेम होता. मांडीवर उशी, उशीवर गेम खेळायचा, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर, दोन्ही कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकलेली. खांदे स्थिर, मनगटं स्थिर, हलत होते ते फक्त दोन अंगठे. चेंडू टप्पा घेईपर्यंत फटक्याची दिशा ठरून बटण दाबलेलंही असायचं. पकडीची ताकद मोजायचं डायनामोमीटर मी पिशवीतून काढलंच नाही.

माउस टेबलावर वीतभर सरकवायचा तर हात खांद्यापासून हलावा लागतो, आणि याचे खांदेच गेले होते. कंट्रोलर जागचा हलत नाही, अंगठा सेंटिमीटरभर सरकला की काम होतं. लॅपटॉप याच कंट्रोलरवर चालवायचा, असं मी सुचवलं. आईला ते पटेना. मुलाने मात्र लगेच वायर शोधायला सांगितली.

विंडोजला कंट्रोलर दिसतो, पण खेळाचं साधन म्हणून. स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने झुकवायची छोटी दांडी, कुठे झुकली आहे याचा नुसता आकडा त्याच्याकडे येतो, प्रत्येक दिशेला उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या पट्ट्यातला. तो आकडा वाचून पडद्यावरचा माउसचा बाण हलवणारा प्रोग्रॅम मध्ये लागतो. आम्ही अँटीमायक्रोएक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला. डावी स्टिक बाण हलवेल, उजवी पान वरखाली करेल, उजव्या अंगठ्याखालचं बटण म्हणजे क्लिक. मागचे ट्रिगर मी मुद्दाम मोकळे ठेवले, कारण त्याच्या तर्जन्या लवकर दमतात.

सुरू करताच बाण आपोआप वरच्या कोपऱ्याकडे सरकू लागला. "मॅडम, ही स्टिक जुनी आहे, गेममध्येपण असंच करते," तो म्हणाला. स्टिकखालचे पोटेन्शिओमीटर, म्हणजे तिचा झुकाव मोजणारे भाग, घासून घासून झिजतात आणि अंगठा काढला तरी शून्यावर परत येत नाहीत. उपाय डेड झोनचा: मधल्या थोड्या भागातली हालचाल प्रोग्रॅमने मोजायचीच नाही. तो भाग आम्ही हळूहळू वाढवत नेला. बाण थांबला.

खरा वेळ गेला तो वेगावर. माउस जितका सरकवाल तितकाच बाण सरकतो. स्टिकचं तसं नाही. ती जितकी झुकेल तितका बाणाचा वेग. त्यामुळे एक्सेलच्या बारीक चौकटीवर थांबताना बाण हमखास पुढे निघून जायचा. मध्याजवळ मंद आणि कडेला वेगवान अशी चढण ठेवली, शिवाय एक बटण दाबून धरलं की वेग पाव होईल अशी सोय केली. ही पाव वेगाची कल्पना त्याची. मला ती सुचली नव्हती, आणि सगळ्या जुळणीत मोलाची तीच ठरली.

एक अडचण राहिली. विंडोज परवानगी विचारताना सगळा पडदा काळवंडतो, तिथे असल्या प्रोग्रॅमचा क्लिक पोचत नाही. सुरक्षेसाठीच तशी रचना आहे. तेवढ्यापुरतं आईने की-बोर्डवरचं बटण दाबायचं असं ठरलं, आणि आईला ते काम मनापासून आवडलं.

मग त्याने पावत्यांचं पुस्तक समोर धरायला सांगितलं. पडद्यावरच्या की-बोर्डवर एकेक आकडा टिपत तो वर्गणी भरू लागला. एका अंगठ्याने क्लिक धरून दुसऱ्याने बाण ओढत अख्खा स्तंभ निवडला, बेरीज केली आणि म्हणाला, "आई, खालच्या मजल्याच्या दोन पावत्या राहिल्यात." ती लगेच जिना उतरली. मी मात्र त्याला तिथेच थांबवलं. या आजारात स्नायू दमवणं घातक असतं. थोडं काम, मग विश्रांती, हे मी आईला आणि त्याला दोघांनाही बजावलं.

अंगठेही पुढे थकणार आहेत, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या २०१८ सालच्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरबद्दल आम्ही त्याच दिवशी बोललो. त्याला दोन मोठी बटणं असतात आणि बाहेरून हवे ते स्विच जोडायला मागे १९ खाचा. हनुवटीने दाबायचा स्विच कुठे बसवता येईल, हे त्याने स्वतःच खुर्चीवर दाखवलं.

निघताना त्याने सगळ्या सेटिंगची फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर दिली. कळव्याला याच आजाराचा एक मुलगा माझ्याकडे येतो, त्याचाही माउस सुटत चालला आहे. "त्याची स्टिक नवी असेल तर डेड झोन कमी करा," त्याने मला सांगितलं, "आणि वेगाचं बटण त्याला विचारून ठेवा."