मावशीचे तीन दिवस

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी मावशी 72 वर्षांची, निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यात तिला एक व्हिडिओ कॉल आला. गणवेशातल्या माणसाने तिला हिंदीत सांगितले की तिच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले असून तिला 'डिजिटल अरेस्ट' करण्यात आले आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाशी बोलायचे नाही आणि बँकेतली रक्कम 'तपासणीसाठी' दुसऱ्या खात्यात भरायची. मावशीने मुदत ठेव मोडली. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळले, तेही तिने जेवण टाकले म्हणून.

अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हेच सांगितले होते आणि मावशीने ते ऐकलेही होते. भीतीच्या त्या घटकेला मात्र ऐकलेले आठवले नाही, आणि नंतर शरमेने तिचे तोंड बंद केले. मला ठगांइतकीच ही शरम घातक वाटते. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की रक्कम ज्या ज्या खात्यांत गेली त्या बँकांना कळवले जाते आणि तिथे उरलेले पैसे गोठवता येतात. पण ठग ती रक्कम काही तासांतच अनेक खात्यांत फिरवून काढून घेतात. मावशीचे थोडेच पैसे अडवता आले. पहिल्याच संध्याकाळी ती बोलली असती तर बरेच अधिक वाचले असते, असे मला आजही वाटते.

हे केवळ म्हाताऱ्यांचे दुखणे समजू नये. माझ्या 24 वर्षांच्या भाच्याच्या पॅनवर कोणीतरी ऑनलाइन कर्ज उचलले होते, आणि आईवडिलांना कळू नये म्हणून त्याने त्या परक्या कर्जाचे दोन हप्ते स्वतः भरले. खोली भाड्याने घेताना, सिमकार्ड घेताना, नोकरीच्या अर्जासोबत, अशा कित्येक ठिकाणी त्याने कागदपत्रांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्यातली कोणती फुटली हे आता कळणार नाही. वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, त्याने आधी पाहिला असता, तर कर्ज लवकर दिसले असते. चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रार 30 दिवसांत निकाली काढावी लागते. पुढे गेल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आमच्या घरी आता जिथे चालते तिथे आधारचे शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत देतो, बोटांच्या ठशांना आधारच्या अ‍ॅपमध्ये कुलूप लावले आहे आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहिले आहे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मावशीने ही हकीकत आपणहून सगळ्यांना सांगितली. ती बोलून थांबल्यावर शेजारच्या काकू हलक्या आवाजात म्हणाल्या की त्यांनाही परवा तसाच फोन आला होता, आणि घरी त्यांनी अजून कोणालाच सांगितलेले नाही.