आमची वाटचाल : चाळीस चौकोनांची बॅग

क्रोशाची मोठी प्रवासी बॅग पंधरा किलो सामान घेऊन मिरजेहून मुंबईला जाते आणि परत येते तेव्हा तिचा एकही टाका हललेला नसतो. ही गोष्ट आम्ही आमच्या मालावर सिद्ध केलेली आहे आणि तसे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. क्रोशा म्हटले की आपल्याकडे दाराचे तोरण, रुखवतातले रुमाल आणि बाळाची टोपडी एवढेच डोळ्यांपुढे येते. त्या कलेतून घरसंसारातल्या कष्टाच्या वापराची वस्तू घडू शकते आणि तिला योग्य किंमत मागता येते, हा विचार घेऊन २०१४ मध्ये सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी हा उद्योग सुरू झाला.

आमच्या बॅगेचे माप पहिल्यापासून ठरलेले आहे. एक चौकोन १५ सेंटिमीटरचा. पुढची आणि मागची बाजू प्रत्येकी आठ चौकोनांची, तळ आठांचा, वरची बाजू आठांची आणि दोन्ही टोकांच्या बाजू चार-चारांच्या, असे एकूण ४० चौकोन जोडले की ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी बॅग तयार होते. हे माप आम्हाला एका ग्राहक बाईंनी दिले. त्या मिरजेच्या निवृत्त मुख्याध्यापिका असून महालक्ष्मी एक्स्प्रेसने नेहमी प्रवास करतात. बर्थखालची जागा स्वतः टेपने मोजून, आकडे वहीच्या कागदावर लिहून त्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्यासाठी विणलेली पहिली बॅग त्या आजही वापरतात.

असा चौकोन, म्हणजे ग्रॅनी स्क्वेअर, विणणे कोणालाही येते, असे लोक म्हणतात आणि ते काही अंशी खरे आहे. साखळीचे वर्तुळ, त्यात तीन-तीन खांबांचे म्हणजे उभ्या टाक्यांचे गुच्छ, कोपऱ्यात दोन साखळ्या सोडून पुन्हा गुच्छ, अशा सहा फेऱ्यांत चौकोन पुरा होतो. ही रचना कोणा एकाच्या मालकीची नाही. अमेरिकेत तिची छापील कृती १८८५ मध्येच प्रसिद्ध झालेली होती. खरी अडचण चाळीस चौकोन एकाच मापाचे येण्याची असते, कारण आमच्याकडे हे चौकोन बुधगाव, माधवनगर, हरिपूर आणि कुपवाडच्या महिला आपापल्या घरी विणतात आणि प्रत्येकीचा हात वेगळा असतो. एकीचा हात घट्ट, तर दुसरीचा सैल. आम्ही सैल हाताच्या महिलेला साडेतीन मिलिमीटरची सुई देतो आणि घट्ट हाताच्या महिलेला चार मिलिमीटरची; दोघींचे चौकोन मग एकाच मापात बसतात. शिवाय प्रत्येकीकडे प्लायवूडची एक फळी आहे, जिच्यावर १५ सेंटिमीटरच्या चौकटीत खिळे ठोकलेले आहेत. चौकोन ओला करून त्या खिळ्यांवर ताणून रात्रभर वाळवायचा आणि सकाळी काढायचा. जो चौकोन खिळ्यांवर ओढूनताणून बसवावा लागतो, तो आम्ही परत करतो, मग विणणारी कितीही जवळची असो.

धागा आम्ही आठ पदरी सुती वापरतो. अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त असते, वजनाला हलकी असते आणि रंगही भडक मिळतात. परंतु भार पडला की ती ताणली जाते आणि पुन्हा पूर्वीच्या मापाला येत नाही. सुताचे तसे नसते. सूत ओले झाल्यावर अधिक मजबूत होते, त्यामुळे पावसात भिजलेली बॅग फाटण्याची भीती नसते, फक्त ती नीट वाळवावी लागते. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : धाग्याच्या लडीवर रंगाच्या घाण्याचा म्हणजे लॉटचा क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक लॉटमधली एक लड शिल्लक ठेवावी. एकाच नावाचा लाल रंग दोन लॉटमध्ये वेगळा दिसतो आणि बॅग पूर्ण जोडल्यावर तो फरक झाकता येत नाही. लाल आणि गडद निळा धागा आधी पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा.

आता चाचांविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय आमची बॅग म्हणजे नुसती शोभेची पिशवी राहिली असती. मिरज स्टेशनच्या रस्त्याला त्यांचे बॅगा दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. रेक्झिनच्या आणि कॅनव्हासच्या बॅगा शिवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आमची पहिली बॅग घेऊन मी त्यांच्याकडे चेन बसवायला गेले, तेव्हा त्यांनी ती उलटी केली, तळाला हात लावला, विणलेला पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, “ताई, वजन विणीवर नाही टाकायचं. वजन पट्ट्यावर टाकायचं. तुमची वीण वर नुसती बसली पाहिजे.”

त्यानंतर आमच्या बॅगेचा पट्टा कधी विणलेला नाही. दीड इंची सुती नवारीचा जवळपास तीन मीटरचा एकच सलग पट्टा असतो. तो एका मुठीपासून निघून बाजूने खाली उतरतो, तळाखालून पलीकडे जातो, दुसरी मूठ होऊन परत त्याच मार्गाने येतो आणि त्याचा जोड नेमका तळाखाली घेतला जातो. मुठीजवळ किंवा बाजूला जोड घेतलेला पट्टा कधी ना कधी सुटतोच, हे चाचांचे म्हणणे होते आणि दुरुस्तीला आलेल्या शेकडो बॅगा त्याला साक्ष होत्या. जिथे पट्टा बॅगेला शिवायचा, तिथे ते चौकट मारून आत फुली मारत आणि आतल्या बाजूने कॅनव्हासचा तुकडा देत, म्हणजे टाका विणीतून ओढला जात नसे. यंत्राची सुई पोहोचत नसे तिथे ते आरीने भोक पाडून मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने हाताने टाके घालत. ती आरी त्यांच्या वडिलांची होती. तिची लाकडी मूठ त्यांच्या तळहाताच्या आकाराची झिजलेली होती आणि ते ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत.

अस्तराची युक्तीही त्यांचीच. कॅनव्हासचे अस्तर विणलेल्या बॅगेपेक्षा सर्व बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर लहान कापायचे, म्हणजे सामानाचा ताण अस्तरावर येतो आणि वीण मोकळी राहते. चेन आधी कॅनव्हासच्या पट्टीवर शिवायची आणि मग ती पट्टी विणीला जोडायची, नाहीतर वीण ताणली जाऊन चेन लाटांसारखी होते. तळाशी अस्तराच्या आत जाड प्लास्टिकचा तक्ता घालतो. या सगळ्याला वेळ लागतो आणि आमच्या किमतीचा मोठा भाग तोच आहे.

२०१६ पासूनची पाच वर्षे चांगली गेली. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले तेव्हा आमचा तयार माल मिरजेत वरच्या मजल्यावर असल्याने वाचला. हरिपूरच्या महिलांकडचे धागे आणि चौकोन मात्र गेले, त्यांची मजुरी आम्ही देऊन टाकली.

आमच्यावर खरे संकट पाण्याने आणले नाही, ते एका व्यापाऱ्याने आणले. २०२२ मध्ये पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराने आमच्या बॅगा पाहिल्या आणि मागणी नोंदवली. पहिल्या दोन मागण्यांचे पैसे त्यांनी वेळेवर दिले. तिसरी मागणी दिवाळीच्या तोंडावर, आधीच्या दोन्हींच्या कितीतरी पट मोठी होती आणि तिच्यासाठी आम्ही इचलकरंजीच्या धाग्याच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलला, नव्या महिलांना शिकवले, चाचांनी दोन मुले हाताखाली घेतली. माल वेळेवर पोहोचला, त्याच्या चलनावर त्यांच्या माणसाची सही आहे. दिवाळी झाली, पैसे आले नाहीत. डिसेंबरमध्ये निम्म्या बॅगा परत आल्या आणि सोबत कारण लिहिले होते की माप कमी-जास्त आहे. मी स्वतः त्या प्रत्येक बॅगेला टेप लावला. एकही बॅग मापाबाहेर नव्हती. काही बॅगांचे अस्तर मात्र कोणीतरी उसवून पुन्हा शिवलेले होते, तेही आमच्या दोऱ्याने नव्हे.

त्याचा अर्थ जानेवारीत कळला. त्याच दुकानात आमच्याच रंगसंगतीच्या, चाळीस चौकोनांच्या बॅगा आमच्यापेक्षा निम्म्या किमतीला विक्रीस आल्या होत्या. आमच्या एका ग्राहकाने त्यातली एक आणून दाखवली. धागा अ‍ॅक्रिलिकचा होता. पट्टा तळाखालून नेलेला नव्हता, नुसता काठाला शिवलेला होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे धाग्यांची टोके. चार रंगांच्या एका चौकोनात आठ टोके निघतात, चाळीस चौकोनांत ३२० होतात. आमच्या महिला त्यातले प्रत्येक टोक सुईने उलटसुलट ओवून विणीत लपवतात आणि या कामाची मजुरी आम्ही वेगळी देतो. त्या बॅगेत गाठ मारून टोके कापून टाकलेली होती. मी मधल्या एका चौकोनाच्या वर्तुळाचे टोक चिमटीत धरले तर ते सरळ बाहेर आले आणि वर्तुळ मोकळे झाले.

क्रोशा यंत्रावर विणता येत नाही. बाजारात तसा दिसणारा यंत्राचा माल असतो, पण तो वेगळ्या विणीचा असतो. म्हणजे त्या स्वस्त बॅगांचे चौकोनही कोणत्या तरी बायांनी हातानेच विणलेले होते आणि त्यांच्या हातात एका चौकोनामागे काय पडले असेल, याचा हिशेब या धंद्यातल्या कोणालाही मांडता येईल. ज्याला आमच्या किमती जास्त वाटतात, त्याने हा हिशेब एकदा जरूर मांडावा.

त्या वर्षी उद्योग बंद पडण्याच्या बेताला आला होता. धाग्याचा व्यापारी रोज फोन करत होता. महिलांची मजुरी थकवायची नाही, हे घरात एकमताने ठरले आणि त्यासाठी सोने तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले. चाचांचे शिलाईचे पैसे मी घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत. “आधी बायकांचं बघा, माझं नंतर बघू,” एवढेच म्हणाले आणि परत आलेल्या बॅगांची उसवलेली अस्तरे शिवायला घेतली. त्या शिलाईचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत लावले नाहीत. परत आलेल्या मालातल्या बारा बॅगा मुख्याध्यापिका बाईंनी आपल्या प्रवासी मंडळातल्या महिलांसाठी पूर्ण किमतीला घेतल्या. सवलत देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली.

लहान उद्योजकांनी येथे एक माहिती अवश्य घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, माल पाठवण्याच्या आधीपासूनची होती, मागणीपत्र लेखी होते आणि चलनावर सही होती, म्हणून आम्हाला थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज करता आला आणि प्रकरण असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे गेले. नोंदणी धंदा सुरू करतानाच करावी, अडचण आल्यावर नव्हे. आणि दुकानदार कितीही गोड बोलत असला तरी मागणी तोंडी घेऊ नये, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय सुईला धागा लावू नये.

मूळ रक्कम आम्हाला मिळाली, दोन हप्त्यांत आणि बऱ्याच काळाने. तोपर्यंत ते दुकान आमच्या नमुन्याच्या बॅगा विकतच होते आणि आजही विकते. त्या दुकानातून घेतलेल्या बॅगा उसवल्या की लोक आमच्याकडे दुरुस्तीला आणतात, तेव्हा आम्ही त्या ठरलेल्या दराने दुरुस्त करून देतो, पण त्यांच्यावर आमची चिठ्ठी लावत नाही.

चाचांची नजर अधू झाल्याने दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम थांबवले. आता त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी एकजण आमचे पट्टे शिवतो आणि जोड तळाखालीच घेतो. सोने सोडवून आणले, धाग्याचा व्यापारी पुन्हा उधारी देतो, पण आता आम्ही ती घेत नाही. पुण्याच्या त्या दुकानाकडून व्याजाची रक्कम मात्र अजून यायची आहे आणि आमचे हिशेबनीस दरवर्षी ती बुडीत खाती टाकू या म्हणतात, तरी आम्ही ती ताळेबंदात येणे म्हणूनच दाखवतो.