समोरच्या फ्लॅटातलं ओणम आणि माझं कालनिर्णय

वास्कोला आमच्या समोरच्या फ्लॅटात केरळातल्या त्रिशूरची फॅमिली राहते. त्या घरातली बाई नर्स आहे, मी तिला चेची म्हणते म्हणजे ताई, आणि ती मला ताई म्हणते. दरवर्षी पाऊस जरा स्थिरावला की मी तिला विचारायचे, चेची यंदा ओणम कधी, आणि ती मोबाईल बघून सांगायची, कधी ऑगस्ट तर कधी पार सप्टेंबरचा मध्य. २०२३ ला २९ ऑगस्ट, २०२४ ला १५ सप्टेंबर, २०२५ ला ५ सप्टेंबर. मला इतकी वर्षं वाटायचं की आपल्यासारखीच कुठलीतरी तिथी असणार, अधिक महिना आला की पुढे जात असेल. तसं नाहीच आहे.

मल्याळी महिने सूर्याचे. सूर्य सिंह राशीत गेला की चिंगम लागतो, साधारण १७ ऑगस्टला, आणि तोच त्यांच्या वर्षाचा पहिला महिना. त्याच्या आधीचा कर्किडकम म्हणजे धो धो पाऊस, कामं बंद, घरातलं धान्य संपत आलेलं, आणि मग ऊन पडतं, भाताचं पहिलं पीक हाताशी येतं आणि ओणम. तर या चिंगममध्ये श्रवण नक्षत्र ज्या दिवशी, तो तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस. तिथी बघतच नाहीत. चंद्राची सगळ्या नक्षत्रांतून फेरी सव्वासत्तावीस दिवसांची आणि चिंगम ३१ दिवसांचा, त्यामुळे कधी कधी श्रवण एकाच महिन्यात दोनदा पडतं, २०२४ ला तसंच झालं होतं, १९ ऑगस्टला एकदा आणि १५ सप्टेंबरला परत, आणि ओणम दुसऱ्याला झालं. त्याच दिवशी आपली वामन जयंती, भाद्रपद शुद्ध द्वादशी! हे कळल्यावर मी कालनिर्णय घेऊन बसले ती उठलेच नाही.

अत्तम ते तिरुवोणम हे दहा दिवस म्हणजे दहा नक्षत्रं. अत्तम म्हणजे हस्त, मग चित्रा, चोदी म्हणजे स्वाती, विशाखा, अनिळम म्हणजे अनुराधा, तृक्केट्टा म्हणजे ज्येष्ठा, मग मूळ. इथे मी थांबले. माझं माहेर कोल्हापूरचं, आमच्याकडे गौरी अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मुळावर जातात, तिथी कुठलीही असो. म्हणजे आई ज्या हिशोबाने गौरी बसवते त्याच हिशोबाने चेची दारात ओणमची फुलांची रांगोळी मांडते, आणि २०२५ ला तर ३१ ऑगस्ट, १ आणि २ सप्टेंबर हे तिन्ही दिवस दोघींचे एकच होते. मी आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, अगं मग तिला हळदीकुंकवाला बोलावलंस की नाही.

गेल्या वर्षी २६ ऑगस्टला अत्तम आणि दुसऱ्या दिवशी आपली गणपतीची चवथ. आम्ही सकाळी सासरी फोंड्याला निघत होतो, डोक्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान, कुठली फळं मिळाली कुठली राहिली, आणि चेची दारात उकिडवी बसून तुंब्याची फुलं मांडत होती. तांदळाएवढी पांढरी फुलं, एकेक चिमटीत धरून, सगळं मिळून बशीएवढं गोल. पहिल्या दिवशी तिच्याकडे फक्त तुंबा. माझ्या हातात झेंडूची पिशवी होती, म्हटलं घे यातली, तर म्हणाली, "आज नको ताई, आज एवढंच." पाच दिवसांनी विसर्जन करून परत आलो तर ते गोल चांगलं परातीएवढं झालेलं, झेंडू, शेवंती, कडेने हिरव्या पानांचे तुकडे, आणि मधे मातीचा चार बाजूंचा टोकदार ओणत्तप्पन. तो तृक्काक्कराच्या देवळातला वामन, आणि स्वागत चाललंय ते बळीचं, ओणमला तो आपली प्रजा बघायला येतो म्हणून. दोघेही एकाच फुलांत. आमची आजी पाडव्याला ओवाळताना म्हणायची "इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो", हे मी चेचीला अर्थासकट सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "तुमच्याकडे पण वाट बघतात?"

उत्राडमच्या, म्हणजे तिरुवोणमच्या आदल्या रात्री तिची नाईट ड्युटी होती. गोव्यात ओणमला सुट्टी कुठली, म्हणून इथले मल्याळी लोक हॉल घेऊन एखाद्या रविवारी एकत्र करतात, ते ऑक्टोबरात पण जातं. ते चांगलंच आहे, पण त्या दिवशीचं पान त्या दिवशीच पडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यात म्हण आहे, काणम विट्टुम ओणम उण्णणम, जमीन विकावी लागली तरी ओणमचं जेवण जेवा. चेची सकाळी आठला घरी आली आणि पदर खोचून अड प्रधमनला, म्हणजे त्यांच्या गूळ-नारळाच्या खिरीला लागली, मी खोबरं खवून दिलं. नारळाचा पातळ रस आधी, गुळाबरोबर आटवायचा, आणि पहिला घट्ट रस सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. घट्ट रस उकळला की फुटतो, हे आमच्या सासूबाई मणगणं करताना जसं ओरडून सांगतात तसंच ती मला ओरडली.

केळीचं पान, निमुळतं टोक डावीकडे. वरच्या कडेला केळ्याचे वेफर, गूळ लावलेले तुकडे, इंजी करी, लोणचं, मग अवियल, ओलन, कालन, तोरन, आणि लाल जाड भात, त्यावर वरण-तूप. अवियल खाताना मला खतखत्याची आठवण आली, फक्त तिरफळं नाहीत. जेवल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, मी उलटं दुमडत होते तर तिच्या धाकट्याने हात धरला. ते दुःखाच्या जेवणाला, म्हणे.

यंदा तिरुवोणम २६ ऑगस्टला आहे, राखी पुनवेच्या दोन दिवस आधी, आणि चवथ थेट १४ सप्टेंबरला. यावेळी मीच आधी शोधून तिला सांगितलं. फोंड्याला शेताच्या बांधावर तुंबा भरपूर येतो, सासूबाईंना सांगून ठेवलंय, अत्तमच्या आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणणार आहे.