गोल्फपटूचा पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी : माझा अनुभव

कोकणातल्या ज्या मुलांना व्यावसायिक गोल्फ खेळायचं आहे त्यांच्यासाठी लिहितोय. सगळे मला पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या, क्यू-स्कूलबद्दल (पात्रता स्पर्धेबद्दल) विचारतात. तिथे अडण्यासारखं काही नाही. फॉर्म भरा, फी भरा, चांगलं खेळा, कार्ड म्हणजे टूरवर खेळायचा हक्क मिळतो. मी अडकलो तो पासपोर्टात.

एशियन टूरच्या, म्हणजे आशियातल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या, क्यू-स्कूलसाठी थायलंडला जायचं होतं. ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं, फोटो, बोटांचे ठसे, सगळं सुरळीत झालं. मग आली पोलीस पडताळणी.

माझं घर रत्नागिरी जिल्ह्यात. आधार, शिधापत्रिका, मतदार यादी, सगळीकडे तोच पत्ता. पण सीझन सुरू झाला की एक आठवडा अहमदाबाद, पुढचा कोलकाता, मधल्या दिवसांत पुण्याला येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सराव. हवालदार घरी आले तेव्हा मी स्पर्धेत होतो. आईने सांगितलं, "झील (मुलगा) खेळायला गेलाय." त्यांनी अहवालात लिहिलं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. ना शेजाऱ्यांना विचारलं, ना पोलीस पाटलांना.

मी ठाण्यात गेलो.

"धंदा काय?"

"गोल्फ खेळतो, साहेब."

"तो खेळ झाला. पोटापाण्याचं काय ते सांग. कंपनीचं पत्र आण."

कंपनीच नाही, तर पत्र कुठून आणू? चार दिवसांच्या स्पर्धेत दोन राउंडनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर जातात. कट हुकला तर हातात एक रुपया पडत नाही, आणि प्रवास, राहणं, कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे आपल्याच खिशातून जातात. पण टिकलात तर बक्षिसाची रक्कम हीच कमाई. २०२३ मध्ये ओमप्रकाश चौहान पीजीटीआयच्या क्रमवारीत पहिला आला आणि त्याला थेट डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपातल्या मोठ्या टूरचं, कार्ड मिळालं. पुण्याचा उदयन माने याच वाटेने टोकियो ऑलिंपिकला पोचला. हे सगळं मी उभ्याउभ्या सांगितलं. उत्तर तेच, पत्र आण.

अर्ज थांबला. पासपोर्ट कार्यालय म्हणे, अहवाल पोलिसांचा, आम्ही बदलू शकत नाही. ठाणं म्हणे, वरून कागद आल्याशिवाय आम्ही पुन्हा जाणार नाही. इकडे प्रवेशिकेची मुदत जवळ येत होती. जन्मापासून ज्या वाडीत वाढलो तिथे मी राहतच नाही असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी पासपोर्ट कार्यालयात लेखी अर्ज दिला, पुन्हा पडताळणी मागितली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोलीस पाटलांनी दाखला दिला : हा इसम याच वाडीचा रहिवासी असून खेळानिमित्त बाहेरगावी जातो. शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून त्यांनी तो शाईत बुडवून पुन्हा मारला. या वेळी दुसरे हवालदार आले. पडवीत बसून त्यांनी माझं आयकर विवरणपत्र पानन् पान वाचलं, बक्षिसाच्या रकमेवर बोट ठेवलं, "हे खेळून मिळवलंस?" म्हणाले आणि सही केली. त्या एका सहीने छातीवरचा दगड उतरला. पासपोर्ट आला, प्रवेशिकाही मुदतीत गेली.

म्हणून सांगतो, पहिल्या वर्षापासून विवरणपत्र भरा, कमाई कितीही थोडी असो. अर्जात व्यवसाय 'स्वयंरोजगार' लिहा. पीजीटीआयच्या सदस्यत्वाचा कागद आधीच मागवून घरी आईवडलांकडे ठेवा. शक्यतो पावसाळ्यात, घरी असताना अर्ज करा. वेळ कमी असेल तर तत्काळचे २००० रुपये जादा भरा, त्यात पडताळणी बहुतेक वेळा पासपोर्ट हातात आल्यावर होते. आणि हो, ३६ पानी पुस्तिका घेऊ नका. ती १५०० रुपयांना मिळते, ६० पानी २००० ला. टूरवर पानं भराभर संपतात.