पाच वॅटचा अ‍ॅम्प आणि रात्रीचे २४६ व्होल्ट

दोन वर्षांपूर्वी पणजीतल्या एका वादकाकडून मी पाच वॅटचा गिटारचा जुना ट्यूब अ‍ॅम्प विकत घेतला आणि चोर्ला घाटातून मांडीवर सांभाळत बेळगावला आणला. आत काचेच्या दोन ट्यूब (सुरुवातीला १२एएक्स७, शेवटी स्पीकरला ताकद देणारी ईएल८४), आठ इंची स्पीकर आणि बाहेर आवाजाचे एकच बटण, एवढाच त्याचा पसारा. टिळकवाडीतल्या आमच्या खोलीत दिवसा तो बरा वाजे. मात्र रात्री अकरानंतर सरावाला बसलो की बारीक तारा कर्कश ऐकू येत, जाड तारांवरचे कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) गढूळ होत आणि वाजवणे थांबवले तरी मागे एक सततची घरघर उरत असे.

आवाज सुधारायचा म्हणजे भारी कंडेन्सर बसवायचे, अशी तेव्हा माझी समजूत होती. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून मी ०.०२२ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे कंडेन्सर आणले आणि एका रविवारी जुन्यांच्या जागी लावले. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवून केवळ जात बदलली, तर मला तरी फरक ऐकू आला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यानंतर मी शहापुरातल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी उभी हयात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली आहे. आम्ही गिटारवाले ट्यूब म्हणतो, ते व्हॉल्व्हच म्हणतात, आणि ईएल८४ तर रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात असायचा म्हणून त्यांच्या जुन्या ओळखीचा. तक्रार रात्रीची आहे हे ऐकल्यावर त्यांनी अ‍ॅम्प दुकानात ठेवून घेतला नाही. रात्री साडेअकराला ते स्वतः घरी आले, खोलीतला दिवा बंद करायला सांगितला आणि अ‍ॅम्पच्या मागे वाकून बराच वेळ पाहत राहिले. ईएल८४च्या काचेआड, फिलामेंटच्या, म्हणजे आत तापणाऱ्या तारेच्या, केशरी उजेडापासून वेगळा, प्लेट नावाच्या बाहेरच्या पत्र्याच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा मंद लाल डाग दिसत होता.

“प्लेट लाल व्हायलीय बघ. आवाजाचं मागनं बघूया, आधी हा व्हॉल्व्ह मरायलाय त्याचं बघ,” असे ते म्हणाले.

अ‍ॅम्प उघडण्यापूर्वी त्यांनी मला जे शिकवले, ते मी आजही तसेच पाळतो. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरांमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. म्हणून १० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टन्स नीट इन्सुलेशन केलेल्या वायरींनी कंडेन्सरच्या दोन टोकांना धरायचा आणि मीटर शून्यावर आल्याखेरीज आत बोट घालायचे नाही. चालू अ‍ॅम्पवर मोजमाप करताना डावा हात पाठीमागे ठेवायचा. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, कारण लोड नसताना वाजवले तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो.

मग मोजमाप सुरू झाले. ईएल८४च्या कॅथोडवर, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह जिथून निघतो त्या भागावर, १३० ओहमचा रेझिस्टन्स होता आणि त्यावर ७.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे ६० मिलिअँपिअर. त्यातले सहाएक स्क्रीन या आतल्या जाळीचे वजा केले की प्लेटचे ५४ उरतात, आणि प्लेट व कॅथोड यांच्यामध्ये २७२ व्होल्ट होते. गुणाकार येतो १४.७ वॅट; या ट्यूबच्या प्लेटची मर्यादा आहे १२ वॅट. प्रवाह उतरावा म्हणून मी लगेच कॅथोडचा रेझिस्टन्स वाढवायला निघालो होतो, पण काकांनी थांबवले आणि फिलामेंट मोजायला लावले. जिथे ६.३ व्होल्ट हवेत, तिथे ७.० होते. मग त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर लावला: २४६. अ‍ॅम्पचा ट्रान्स्फॉर्मर २२० व्होल्टचा, आणि आमच्याकडे दिवसा २२२ च्या आसपास असणारा दाब रात्री लोड उतरला की चढतो. आवाज रात्रीच का बिघडतो, याचे उत्तर सर्किटमध्ये नव्हतेच.

उपाय साधा निघाला. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा १२-०-१२ चा, एक अँपिअरचा ट्रान्स्फॉर्मर घेऊन त्याची प्रायमरी मेनवर आणि सेकंडरीची दोन्ही टोके अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या लाइनमध्ये उलट्या फेजने सिरीजमध्ये जोडली, म्हणजे त्या दोन टोकांमधले चोवीसेक व्होल्ट वजा होतात. फेज सुलटी लागली तर तेच व्होल्ट वाढतात, त्यामुळे आधी एक बल्ब लावून मीटरवर खात्री केली. अर्थिंग केलेल्या लोखंडी डब्यात फ्यूजसह हे बसवले आणि दिवसासाठी त्याला वगळणारा स्विच ठेवला, कारण २२२ मधून तेवढे वजा झाले तर फिलामेंट उपाशी राहील. रात्री आता अ‍ॅम्पला २२० मिळू लागले. कॅथोडवर ६.८ व्होल्ट आले, हिशेब साडेअकरा वॅटवर उतरला, लाल डाग गेला, आणि एकही रेझिस्टन्स न बदलता कर्कशपणा निम्म्याहून अधिक कमी झाला.

घरघर उरली होती. काकांनी गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसरा पडदा दाबायला सांगितला. तो सूर ९८ हर्ट्झचा. घरघर त्याच्याशी जवळपास जुळली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे वीजपुरवठा स्थिर करणारे फिल्टर कंडेन्सर थकलेले. सप्तकभर खाली ऐकू आली तर ५० हर्ट्झची, म्हणजे बहुधा फिलामेंटच्या वायरींची. आमची खालची होती. फिलामेंटची एक बाजू चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली होती, ती सोडवली. दोन्ही बाजूंना १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स लावून त्यांचा मधला सांधा ईएल८४च्या कॅथोडला डाखला. त्यामुळे फिलामेंट त्या सहा-सात व्होल्टांनी उचलले गेले आणि घरघर इतकी खाली गेली की पंखा बंद केल्यावरच जाणवावी.

गढूळपणा घालवण्यासाठी पहिल्या टप्प्यातल्या (१२एएक्स७च्या) कॅथोडचा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढला. १५०० ओहमच्या रेझिस्टन्सच्या जोडीला तो खर्जासकट सगळ्याच सुरांना सारखा उठाव देतो. ०.६८ लावून पाहिला, तर माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागावर) कॉर्ड पोकळ वाटले. १ मायक्रोफॅरडचा पसंत पडला. त्याने साधारण २०० हर्ट्झच्या खालचा उठाव हळूहळू ओसरतो आणि जाड तारांवर बोट ठेवले तरी प्रत्येक सूर सुटा कळतो. दर बदलापूर्वी आणि नंतर मोबाइल त्याच खुर्चीवर ठेवून तेच आठ मात्रांचे वादन ध्वनिमुद्रित केले. त्यावाचून कानावर विसंबणे मला जमले नसते.

सर्वांत मोठा फरक मात्र स्पीकरने पडला. सुताराकडून प्लायवूडचे खोके करून त्यात आठ ओहमचा बारा इंची स्पीकर बसवला. स्पीकरच्या संवेदनक्षमतेत तीन डेसिबलची वाढ झाली की अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्याइतका परिणाम होतो, हे वाचून माहीत होते. पण पाच वॅटमध्ये ड्रमच्या शेजारी गिटार ऐकू येताना पाहिले तेव्हा ते पटले. मला पुन्हा करायचे असते, तर मी सुरुवात इथूनच केली असती.

काकांनी चॅसिसच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवून त्यावर फिलामेंट, प्लेट आणि कॅथोडचे आकडे पेनाने लिहून ठेवले आहेत. गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात जनरेटरवर वाजवायचे होते. प्लग लावण्याआधी मी मीटर धरला, २४८ दिसले, आणि डब्यावरचा स्विच रात्रीच्या बाजूला केला.